सातव्या झेंड्यापुढचा बर्फ

आमच्या रिठदच्या वावरात मी एकदा रडार उभं केलं होतं. रडार म्हटल्यावर विमानतळावरचं गरगर फिरणारं काहीतरी डोळ्यांपुढं येत असेल, तर तसं काही नव्हतं. तिवईवर बसवलेलं एक खोकं, पुढं कर्ण्यासारखं तोंड, मागं बॅटरी आणि लॅपटॉप. संस्थेत नवीन आलेलं हे यंत्र ओल्या आणि कोरड्या जमिनीवर तपासून बघायचं होतं, आणि काळी जमीन मला घरचीच मिळत होती. सोयाबीन निघून गेलं होतं. अर्ध्या तुकड्याला पाणी दिलं, अर्धा कोरडा ठेवला. दुसऱ्या दिवशी बांधावर पंधरा-वीस माणसं जमली.

"भाऊ, याच्यानं पाणी दिसते म्हणते," शेजारचे गणपतकाका म्हणाले.

"काका, वरच्या दोन-चार बोटांतली ओल दिसते. खालचं पाणी नाही दिसत."

"वरची ओल तं ढेकूळ फोडलं का समजते. त्याच्यासाठी एवढं सामान कायले आणलं?"

बांधावर हशा पिकला. तरी जाताना काकांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलंच, "सगळ्यायसमोर नको सांगू. पण मले सांग, बोअर कुठी मारू?"

माझी सगळी नोकरी मी समुद्रावरच्या बर्फावर रडारच्या लहरी कशा विखुरतात ते पाहण्यात घालवली. जिथून समुद्र कुठल्याही दिशेला दूरच आहे, अशा जिल्ह्यातल्या माणसानं हे काम करावं याची मलाही गंमत वाटते. म्हणूनच दिवाळी अंकाच्या संपादकांनी "मजेशीर अनुभव लिहा" म्हटल्यावर मी लगेच बसलो आणि आठ पानं लिहून काढली. गणपतकाका त्यात होते, जहाजावरच्या गमती होत्या. वाचून पाहिलं, आणि बाजूला ठेवलं. त्यात एक गोष्ट नव्हती. मी माझ्या नोकरीत एकदा खोटे आकडे लिहिले. पाचच ओळी. त्या पाच ओळींनी एका मुलीचं संशोधन बुडालं. ती आज मंगरूळपीरला असते, रिठदहून दोन बस बदलून जाता येतं. तिला सांगितल्याशिवाय ही गोष्ट छापायची नाही, आणि ही गोष्ट वगळून बाकीचं छापायचं नाही, असं ठरवलं. म्हणून हा लेख संपादकांकडे उशिरा पोचला.

आधी धंदा समजावून सांगतो, नाहीतर गुन्हा समजणार नाही.

उपग्रह वरून तिरपी लहर सोडतो आणि कान देऊन बसतो. ती लहर खाली कशावर तरी आपटते, विखुरते, आणि तिचा एखादा अंश वर परत येतो. जास्त परत आली तर चित्रात ती जागा उजळ, कमी आली तर काळी. गुळगुळीत फरशीवर चेंडू तिरपा फेकला तर तो पुढं निघून जातो, आपल्या हातात येत नाही. शांत पाणी म्हणून काळं दिसतं. नांगरलेल्या वावरात फेकला तर कुठंही उडतो, एखादवेळी आपल्याकडंही येतो. खडबडीत जागा म्हणून उजळ दिसते. हे सोपं झालं. पण लहर नुसती वरच्या कातडीवर थांबत नाही. कोरड्या वस्तूत ती शिरते, आत काय आहे ते पाहून येते. ओल्या वस्तूत शिरायला गेली की तिथंच जिरते. खारं पाणी तर तिला पिऊनच टाकतं.

आता समुद्राचा बर्फ. आपण दोन्हीला बर्फच म्हणतो, पण इथं वरून भुरभुर पडतं त्याला मी हिम म्हणतो, आणि समुद्राचं पाणी गोठून होतो तो बर्फ. समुद्र गोठताना मीठ बाहेर टाकायला बघतो, पण सगळं जमत नाही; थोडं खारं पाणी बारीक कप्प्यांत अडकून राहतं. हळूहळू ते खाली झिरपतं, कप्पे रिकामे होतात, तिथं हवा भरते. म्हणजे तरुण बर्फ खारट आणि म्हातारा बर्फ बुडबुड्यांचा. डोळ्याला दोन्ही पांढरे. लहरीला मात्र दोघं वेगळे दिसतात: म्हातारा उजळ, तरुण काळपट. मला पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मी आठवडाभर भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. लोक मला टाळायला लागले.

त्यातही फसवणूक असतेच. ध्रुवाकडच्या एका सफरीहून परतताना जहाजाच्या कप्तानांनी मला वर बोलावलं. चित्रात जहाजाच्या वाटेवर मोठा उजळ पट्टा. कप्तान म्हणाले, हा जाड बर्फ दिसतो, वळसा घालू, दोन दिवस जातील. मी चित्राकडे बराच वेळ पाहिलं. आदल्या दिवशी तिथं मोकळं पाणी होतं, वारा पडलेला, थंडी कडक. मी म्हणालो, साहेब, हा बोटभर जाडीचा बर्फ आहे, त्यावर मिठाची फुलं आली आहेत. कोवळ्या बर्फावर वाफ गोठून फुलांसारखे स्फटिक उगवतात, खालचं मीठ वर शोषून घेतात, आणि लहर त्या खडबडीत फुलांवरूनच परत फिरते, म्हणून पातळ बर्फ रडारला उजळ दिसतो. कप्तानांनी मला खालून वर न्याहाळलं आणि जहाज सरळ घातलं. बर्फ पापडासारखा मोडत गेला. मी कठड्याला टेकून ती फुलं पाहत होतो. कुणीतरी बादली सोडून एक तुकडा वर काढला. जिभेवर ठेवला तर इतका कडवट खारट की डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी जेवताना कप्तानांनी मला शेजारी बसवलं. नोकरीतला माझा सगळ्यात चांगला दिवस तो. हे आठ पानांत होतं.

नव्हतं ते त्याच्या आधीच्या सफरीतलं.

आमच्या कामात उपग्रहाच्या चित्रावर कुणी आंधळा विश्वास ठेवत नाही. उपग्रह डोक्यावरून जायची वेळ ठरलेली असते. त्या वेळेच्या आसपास माणसानं त्याच जागी उभं राहून हातानं मोजायचं: हिम किती खोल, तळाशी कोरडं की ओलं, मीठ किती, थंडी किती. मग वरचं चित्र आणि खालचा तक्ता शेजारी ठेवून बोलायचं. तक्ता म्हणजे आमच्याकडची शपथ. उपग्रह चुकू शकतो, प्रोग्राम चुकू शकतो, हातानं मोजलेलं सहसा कुणी खोडत नाही.

जहाज किनाऱ्याला चिकटलेल्या बर्फाशी उभं होतं. आम्ही एका ओळीत बारा बांबू रोवले, प्रत्येकाला लाल फडकं. बारा झेंडे, बारा जागा. रोवले त्या दिवशी बाराव्यापर्यंत चालून आलो, बर्फ पक्का. मग दोन दिवस हिमवादळ. तिसऱ्या दिवशी उघडलं, आणि उपग्रह नेमका त्याच दुपारी जाणार होता. मी आणि माझा जोडीदार थॉमस, जहाजावरचा मेकॅनिक, दोघं निघालो. नियम असा की बर्फावर एकट्यानं पाऊल टाकायचं नाही. सातव्या झेंड्यापाशी बर्फ भोकायच्या गिरमिटाचं पातं तुटलं. थॉमस दुसरं आणायला घसरगाडीकडे मागं गेला. मला म्हणाला, थांब. मी हो म्हणालो आणि निघालो. वेळ जात होता, आणि मला थोडी शेखीही होती.

सातव्याच्या पुढं काही पावलांवर माझा उजवा पाय हिमातून खाली गेला. वरचं हिम कोरडं, भुरभुरीत. खाली मात्र राखाडी लगदा, आणि पाणी. घोट्यापर्यंत. मला वाटलं बर्फ फुटला. आता हा पांढरा कागद फाटणार आणि मी खालच्या काळ्या पाण्यात जाणार. त्या क्षणी मला कुणाची आठवण वगैरे आली नाही. नुसती भीती होती. पाय ओढून काढला आणि आलेल्या पावलांवर पाय ठेवत सातव्यापाशी येऊन खाली बसलो.

बर्फ फुटला नव्हता. हे मला तासाभरात समजायला हवं होतं. पण माझं डोकं दुसऱ्याच गोष्टीत होतं. थॉमस पातं घेऊन आला तर त्याला काय सांगू? एकटा गेलो म्हणून? घाबरून पळालो म्हणून? मी वही उघडली आणि आठ ते बारा भरून टाकले. आधीच्या सात जागांच्या अंदाजानं. कोरडं, कोरडं, कोरडं. आकडे सरळ रेषेत आले तर संशय येतो, म्हणून दहाव्या झेंड्याचा आकडा मुद्दाम थोडा बेढब ठेवला. हे लिहिताना मला आजही त्याचीच जास्त लाज वाटते. भ्यालेला माणूस काहीही करतो, पण दहावा आकडा मी शांतपणे लिहिला होता.

थॉमस आला. मी म्हणालो, झालं, वेळ निघून जात होती म्हणून साध्या काठीनंच उरकून घेतलं. तो म्हणाला, तुम्ही लोक वेडे आहात. आणि आम्ही परत फिरलो.

वर्षा संस्थेत आली ती त्यानंतर दोन वर्षांनी. कामरगावची. घरी भाजीपाला, वडील वांगी, मेथी, कोथिंबीर कारंजाच्या बाजारात न्यायचे. मुलाखतीत एका वरिष्ठांनी हसून विचारलं, "समुद्र पाहिलाय का कधी?" ती म्हणाली, "नाही सर. पण ज्यांनी पाहिला त्यांना तरी कुठं पूर्ण समजला? म्हणून तर हे सगळं चालू आहे ना?" मी तिला माझ्याकडे घेतलं. आपल्याकडची म्हणून नव्हे, त्या उत्तरासाठी. आपल्याकडची याचाही आनंद होताच. कॅन्टीनमध्ये आम्ही दोघं वऱ्हाडी बोलायचो आणि शेजारच्या टेबलावरचे आमच्याकडे बघत बसायचे.

तिनं संशोधनासाठी त्या बारा झेंड्यांच्या जागेचं उपग्रहचित्र घेतलं. एके दिवशी छापील कागद घेऊन माझ्या खोलीत आली.

"सर, हे पाहा. सात नंबरपर्यंत उजळ, अन् पुढं एकदम काळं. तुमचा तक्ता म्हणते हिम कोरडं आहे, मीठ नाही. मग लहर गेली कुठी?"

"प्रोग्राम चुकला असेल. परत चालव."

तिनं तीनदा चालवला. मग आली ती डोळे चमकवत.

"मले समजलं सर! वादळ होतं ना दोन दिवस? हिमाचं वजन पडलं, बर्फ दबला खाली. भरलेली नाव कशी दबते, तसा. मग फटींतून खारं पाणी वर आलं, अन् हिमानं खालून पिऊन घेतलं. चहात टोस्ट बुडवल्यावर कसा होते? खालून ओला, वरून कोरडा. वरून पाहणाऱ्याले काहीच दिसत नाही!"

ती माझ्या बुटाचं वर्णन करत होती. कधीही न पाहिलेल्या बर्फाचं, फक्त एका काळ्या डागावरून. मी आयुष्यात यापेक्षा सुंदर तर्क ऐकला नाही, आणि तो खरा होता हे जगात फक्त मला माहीत होतं.

मी म्हणालो, "तक्ता हातानं मोजलेला आहे. तो खोडायला तुझ्याकडे काय आहे?"

"माह्याकडं लहर आहे सर."

"लहर पुरावा नाही. आधी आपली चूक शोध."

ती शोधत राहिली. दीड वर्ष. यंत्राची तपासणी, प्रोग्रामची एकेक ओळ, सगळं. शेवटी ते प्रकरण प्रबंधातून काढलं. प्रबंध पातळ झाला, फेलोशिपची मुदत संपली, पदवी मिळाली पण पुढं कुठं जागा मिळाली नाही. एका ठिकाणी तिनं अर्ज केला तेव्हा माझं शिफारसपत्र मागितलं होतं. मी लिहिलं: मेहनती आहे, अचूकतेकडे अधिक लक्ष द्यायला हवं. हे वाक्य मी लिहिलं. मी.

ती घरी परतली, लग्न झालं, मंगरूळपीरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवू लागली. मला दिवाळीला मेसेज यायचा. मी हात जोडलेलं चित्र पाठवायचो. मागच्या वर्षी मी मुदतीआधीच निवृत्ती घेऊन रिठदला आलो. कारण विचारलं की तब्येत सांगायचो.

आठ पानं बाजूला ठेवली आणि शनिवारी सकाळचं कॉलेज सुटल्यावर मंगरूळपीरला गेलो. ती प्रयोगशाळेत एकटीच होती, मुलांनी वापरलेली भिंगं कागदात गुंडाळून डब्यात ठेवत होती.

"सर? तुमी? इकडे कसे काय? बसा ना. चहा सांगू का?"

"नको. वर्षा, आठ ते बारा. तिकडं मी गेलोच नव्हतो."

कुठले आठ ते बारा, हे तिनं विचारलं नाही. हातातलं भिंग गुंडाळून ठेवलं. दुसरं घेतलं. मग म्हणाली, "काहून?"

मी सगळं सांगितलं. भीती, वही, दहावा आकडा. ती मान खाली घालून गुंडाळत होती. बुटापाशी आलो तेव्हा तिनं वर पाहिलं.

"बूट ओला झाला?"

"हाव. घोट्यापर्यंत."

"वरचं हिम कोरडं होतं?"

"अगदी कोरडं. खाली लगदा. राखाडी."

"खारं होतं का? चाखून पाह्यलं?"

"नाही. पण बूट वाळल्यावर त्याच्यावर पांढरी रेघ उमटली होती. मिठाची. मी ब्रशनं घासून काढली."

"म्हणजे होतं तिथी पाणी," ती म्हणाली. आणि तिच्या तोंडावर तेच आलं जे त्या दिवशी माझ्या खोलीत आलं होतं. ती उठून उभी राहिली. "टोस्टच होता तो! मी म्हटलं होतं ना तुमाले?"

मीही बावळटासारखा हसलो. तेवढ्यात तिचा चेहरा बदलला.

"घासून काढली," ती म्हणाली. "सर, दीड वर्ष मी माह्यातच चूक शोधून राह्यली होती. बाबा इचारे, पोरी, एवढं काय हरवलं तुहं? काय सांगू त्यायले? इथी पोरायले शिकवताना फळ्यावर उत्तर बरोबर आलं तरी मी दोनदा तपासते. माह्या डोक्यावरचा माहा भरवसा गेला, त्याचं काय करता?"

मी म्हणालो, "माफी मागायला आलो. हे सगळं दिवाळी अंकातही लिहिणार आहे."

"ते राहू द्या. ते मग पाहीन मी. तक्ता कुठी आहे आता?"

"संस्थेच्या संग्रहात."

"म्हणजे दुसरे पोरं वापरून राह्यले?"

"हाव."

"मग दिवाळी अंकात लिहून काय होते सर? ते पोरं दिवाळी अंक वाचतीन का?"

याचा मी विचारच केला नव्हता. तिच्यासमोर मोकळं झालो, चार वाचकांसमोर झालो, की ओझं उतरलं, असा माझा हिशेब होता. तिथल्याच स्टुलावर बसून मी मोबाइलवर संस्थेला पत्र लिहिलं: काही नोंदी शंकास्पद असण्याची शक्यता आहे. तिनं हात पुढं करून मोबाइल घेतला, वाचलं.

"शंकास्पद कायले? तुमाले शंका आहे का?"

"नाही."

"मग?"

मी खोडलं आणि लिहिलं: या पाच जागी मी गेलो नाही. आकडे मनानं लिहिले आहेत. पत्र गेलं. तिनं डब्याचं झाकण लावलं आणि कुलूप घेतलं. चहाचं पुन्हा विचारलं नाही.

संस्थेनं तक्ता मागं घेतला आणि माझ्याकडून खुलासा मागितला आहे. एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला: एवढ्या वर्षांनी हे उकरायची काय गरज होती? वर्षानं ते जुनं चित्र परत मागवून घेतलं आहे. सुट्टीत ते प्रकरण पुन्हा लिहायला घेणार आहे. मी विचारलं, माझं नाव लागेल का? ती म्हणाली, "लागंल. साक्षीदार म्हणून. लेखक म्हणून नाही." माफीबद्दल ती अजून काही बोललेली नाही. मी विचारत नाही.

परवा तिचा मेसेज आला. सातव्या झेंड्यापासून किती पावलांवर पाय रुतला?

तिच्या चित्रात काळा डाग कुठून सुरू होतो ते मला पाठ आहे. वीस पावलं म्हटली असती तर तिचा तर्क चोख बसला असता, कुणाला हरकत घेता आली नसती. वीस लिहिलं. बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो. मग खोडून लिहिलं, आठवत नाही.

तिचं उत्तर लगेच आलं.

"बरं. ती जागा रिकामी ठेवते."